पोटातले आणि ओठावरचे : रहस्यकादंबरीतील मानसोपचारतज्ज्ञ नायिका व वाचकांचे अभिप्राय

लोकप्रिय कादंबरीविषयी मराठी समीक्षेने बरेच लिहिले आहे. ती वाचणाऱ्या वाचकाविषयी मात्र फारच थोडे. रंजनप्रधान वाङ्मयाचा वाचक म्हणजे वेळ घालवू पाहणारा, उत्कंठेच्या आहारी गेलेला, कलाकृतीकडून फारशी मागणी नसलेला मनुष्य, असे एक गृहीतक या लेखनामागे बहुधा उभे असते. हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ मध्ये ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली आणि वाङ्मयेतिहासात वाचकाला त्याचे स्थान मिळवून दिले. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक महिलेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका शहरातील प्रेमकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांना प्रत्यक्ष प्रश्न विचारले, आणि एकसुरी मानल्या गेलेल्या त्या कादंबऱ्यांत या स्त्रिया किती बारकाईने निवड करतात हे दाखवून दिले. आपल्याकडे विद्यापीठीय संशोधनात ‘वाचकप्रतिसाद’ हा शब्द रुळला असला, तरी तो बहुधा कविता किंवा ‘दर्जेदार’ कादंबरीपुरता राहिला. रहस्यकादंबरी परत करताना ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी वाचक जे दोन वाक्यांत बोलून जातो, त्याकडे समीक्षेचे सहसा लक्ष जात नाही. करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासून चालत आलेली संस्था ज्या शहरात आहे, तेथे तरी या दोन वाक्यांचा विचार व्हावयास हरकत नसावी.

प्रस्तुत लेखात अशा अभिप्रायांचा एक लहानसा प्रांत निवडला आहे. ज्या रहस्यकादंबरीची नायिका व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ आहे, तिच्याविषयी वाचक काय म्हणतात आणि त्या म्हणण्यामागे कोणता निकष काम करतो, एवढाच येथे प्रश्न आहे. ही नायिका मूळची इंग्रजी व युरोपीय कादंबरीतली. मराठी वाचकाला ती मुख्यतः मूळ इंग्रजीतून, क्वचित भाषांतरांतून आणि पडद्यावरून भेटते. तथापि तिला मोजण्याचे माप मात्र वाचक आपल्या घरचे वापरतो.

या जातीच्या कादंबऱ्यांविषयी जे आक्षेप वारंवार ऐकू येतात त्यांपैकी काही किरकोळ आहेत. शेवट आधीच ओळखू येतो. नायिका रात्री एकटी नको तेथे जाते. एवढे मोठे शिक्षण घेतलेली बाई आपल्या घरातली लबाडी ओळखू शकत नाही. आणि पोलीस तिचे ऐकतात तरी कसे? हे आक्षेप कोणत्याही रहस्यकादंबरीवर घेता येतात. परंतु एक आक्षेप फक्त याच नायिकेच्या वाट्याला येतो. “पेशंटने विश्वासाने सांगितलेले ती दुसऱ्याला सांगते,” असा तो आक्षेप. आणि गंमत अशी की, याच कादंबऱ्यांची स्तुती करणारा वाचकही त्याच मुद्द्यावर बोट ठेवतो. “तिने शेवटपर्यंत तोंड उघडले नाही,” हे त्याच्या लेखी नायिकेचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र असते. खून कोणी केला हा प्रश्न दोघांच्याही बोलण्यात दुसऱ्या क्रमांकावर जातो. पहिल्या क्रमांकावर असतो तो प्रश्न असा : जे हिच्यापाशी ठेवले, त्याचे हिने काय केले?

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. रहस्यकादंबरी आणि मानसोपचार या दोन व्यवहारांतील मूळचा विरोध त्यात पकडला गेला आहे. रहस्यकादंबरीचा वाचकाशी झालेला करार उघड करण्याचा आहे. रोनाल्ड नॉक्स याने १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे जे दहा नियम घालून दिले, त्यांत सापडलेला धागादोरा हेराने वाचकापासून लपवू नये असा एक नियम आहे, आणि उकल अपघाताने किंवा केवळ अंतःस्फूर्तीने होऊ नये असाही एक आहे. मानसोपचाराचा करार नेमका याच्या उलट. तेथे सापडलेले सांगायचे नसते, आणि अंतःस्फूर्ती हे तर रोजच्या कामाचे हत्यार असते. तेव्हा अशी नायिका कादंबरीच्या केंद्रस्थानी आणली, की लेखकाला दोहोंपैकी एक करार मोडावाच लागतो. तिने सांगितले तर ती वाईट वैद्य ठरते. न सांगितले तर कादंबरी अडते.

आता हे खरे की, या दोन व्यवहारांत साम्यही आहे, आणि त्या साम्यामुळेच ही नायिका जन्माला आली. फ्रॉइडने १८९५ च्या उन्मादविषयक ग्रंथात आपली रुग्णवृत्ते लघुकथेसारखी वाचली जातात अशी काहीशा संकोचाने नोंद केली होती. इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग याने १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात फ्रॉइड, शेरलॉक होम्स आणि चित्रांची पारख करणारा मोरेल्ली या तिघांना एका रांगेत बसवले : तिघेही क्षुल्लक वाटणाऱ्या खुणांवरून दडलेले ओळखणारे. मात्र होम्स आपली उकल दिवाणखान्यात चारचौघांसमोर मांडतो, आणि वैद्याची उकल त्याच्या खोलीबाहेर जाऊ शकत नाही, हा फरक गिन्झबुर्गच्या मांडणीत फारसा पुढे येत नाही. वाचकाने तो पुढे आणला आहे.

निक्की फ्रेंच या नावाने लिहिणाऱ्या इंग्रज दांपत्याची फ्रीडा क्लाइन ही या जातीतील बहुधा सर्वांत परिचित नायिका. २०११ ते २०१८ या काळात तिच्यावर आठ कादंबऱ्या निघाल्या. पहिल्या सात कादंबऱ्यांच्या नावांत सोमवारपासून रविवारपर्यंत एकेक वार गुंफला आहे. ‘ब्लू मंडे’ या पहिल्या कादंबरीत लंडनमध्ये पाच वर्षांचा एक मुलगा नाहीसा होतो. त्याच सुमारास फ्रीडाकडे येणारा एक मध्यमवयीन, अपत्यहीन रुग्ण तिला सांगतो की, आपल्याला एक मुलगा असावा अशी विलक्षण ओढ आपल्याला लागली आहे, आणि कल्पनेतल्या त्या मुलाचे तो वर्णन करतो. वर्णन हरवलेल्या मुलाशी जुळते. फ्रीडाने काय करावे? समोरचा माणूस दुःखी आहे, गुन्हेगार आहे असे तिला वाटत नाही; पण एक मूल जिवंत असण्याची शक्यता आहे. ती पोलिसांकडे जाते.

येथे लेखकद्वयाने एक गोष्ट चांगली साधली आहे. फ्रीडाचे हे जाणे विजयासारखे रंगवलेले नाही. इन्स्पेक्टर कार्लसन तिची दखल प्रथम अनिच्छेनेच घेतो. रुग्णाचा विश्वास दुखावतो. आणि सत्य निघते ते तिच्या पहिल्या तर्काहून निराळे. म्हणजे तिने गुपित फोडण्याची किंमत दिली, आणि जे मिळाले ते तिला अपेक्षित नव्हते. आठ कादंबऱ्यांच्या पुढील सर्व व्यापात तिचा एकाकीपणा, रात्रभर लंडनमधून चालत राहण्याची तिची सवय आणि स्वतःविषयी बोलण्यास तिचा नकार, हे सारे याच ओझ्याशी जोडलेले आहे. तिचे इतरांविषयीचे मौन व्यवसायाचे आहे, स्वतःविषयीचे स्वभावाचे. आणि दोन्ही मौने एकमेकांत मिसळतात. ही मालिका आवडणारा वाचक फ्रीडाच्या ‘कोरडेपणा’चे कौतुक करतो आणि न आवडणारा त्याच शब्दाने तिला नावे ठेवतो. पुष्कळ बोलक्या नायिकांची सवय असलेल्या वाचकाला ही बाई प्रथम परकी वाटावी यात नवल नाही.

फ्रीडाचा पेच केवळ कादंबरीतला आहे असे कोणी मानू नये. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे तातियाना तारासॉफ या तरुणीचा खून झाला. खून करणारा विद्यार्थी भारतातून तेथे शिकावयास गेलेला होता, आणि आपला हेतू त्याने उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला आधी सांगितला होता. त्या मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी थोडी चौकशी करून त्याला सोडून दिले. त्या तरुणीला मात्र कोणीच सावध केले नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, रुग्णाकडून तिऱ्हाइताच्या जिवाला गंभीर धोका असेल तर त्याचे रक्षण करण्यासाठी वाजवी पावले उचलणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे. भारतात २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या तेविसाव्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आणि तेथेच दुसऱ्याला इजा होण्याचा धोका, न्यायालयाचा आदेश वगैरे अपवादही नोंदवले. आपल्या पुराव्याच्या कायद्यात वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला जे संरक्षण आहे, ते डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील बोलण्याला नाही. म्हणजे रहस्यकादंबरीतील वकिलाला मौन पाळण्यास कायद्याचा जेवढा आधार आहे, तेवढा या नायिकेला नाही. वकिली केलेल्या बाबा कदमांच्या कादंबऱ्यांवर कोल्हापूरच्या दोन पिढ्या पोसल्या, आणि सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास तर महाराष्ट्रभर वाचला गेला. कायद्याचे हे पारडे असे असतानाही, वकील नायकाने अशिलाचे गुपित कसे वापरले यावर कोणी वाचक फारसा अडून बसत नाही. मानसोपचारतज्ज्ञ बाईने मात्र ते पोटातच ठेवले पाहिजे अशी त्याची अपेक्षा असते. ही तफावत कोठून आली?

त्याचे एक उत्तर या भाषेतच आहे. मराठीत गुपित मनात नव्हे, पोटात ठेवायचे असते. पोटातले ओठावर आले की घात होतो. आणि बाईच्या पोटात काही राहत नाही अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या शांतिपर्वात तिला शापाचेच रूप दिले आहे. कर्ण हा आपला ज्येष्ठ बंधू होता हे युद्धानंतर कुंतीकडून कळल्यावर, शोकाने व्याकूळ झालेला युधिष्ठिर सर्व स्त्रीजातीला शाप देतो की, यापुढे त्यांच्यापाशी कोणतेही गुपित टिकणार नाही. शापाची विसंगती उघड आहे. ज्या बाईने जन्मभर गुपित पोटात ठेवले, तिच्यावर रागावून, बायकांना गुपित ठेवता येऊ नये अशी शिक्षा! कुंतीचा दोष न सांगण्याचा, आणि शाप मात्र सांगून टाकण्याचा.

कोल्हापूर जिल्ह्याचा या कथेशी संबंध दुहेरी आहे. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी कोल्हापुरात शिक्षकाची नोकरी करीत असताना ‘मृत्युंजय’ (१९६७) लिहिली, आणि कोवाडच्या रणजित देसाईंनी पुढे ‘राधेय’ (१९७३). ‘मृत्युंजय’मध्ये कुंतीला स्वतःच्या तोंडाने बोलू दिले आहे. मराठी घरांतून या दोन्ही कादंबऱ्या इतक्या वाचल्या गेल्या की, ‘गुपित ठेवणारी बाई’ म्हटले म्हणजे या वाचकापुढे प्रथम कुंतीच येते. आणि कुंतीविषयीही वाचकांत हेच दोन तट असतात. तिने आधीच सांगितले असते तर युद्ध टळले असते, असे म्हणणारा एक. आणि कोणत्या तोंडाने सांगणार, असे म्हणणारा दुसरा. कुंती म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, आणि येथे ओढाताणीने साम्य दाखवावयाचे नाही. तिने दडवले ते तिचे स्वतःचे होते; फ्रीडाने जपावयाचे ते दुसऱ्याचे आहे. परंतु या नायिकांविषयी मराठी वाचक जो निवाडा देतो, त्याची भाषा त्याला कुंतीच्या खटल्यातून मिळाली आहे असे म्हणावयास जागा आहे. इंग्रजी वाचकाच्या दृष्टीने फ्रीडा व्यवसायाचा नियम मोडते. मराठी वाचकाच्या दृष्टीने ती एक जुना शाप खोटा ठरवता ठरवता राहते.

पडद्यावरच्या परंपरेकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. मनाचे रहस्य बाईचे आणि ते वाचणारा पुरुष, ही वाटणी आपल्याकडे पक्की झाली आहे. ‘मणिच्चित्रताळ्’ हा १९९३ चा मल्याळम चित्रपट आणि त्यावरून २००७ मध्ये आलेला हिंदी ‘भूल भुलैया’, दोहोंत पछाडलेली ती स्त्री आणि उलगडा करणारा मानसोपचारतज्ज्ञ पुरुष. शेखर ताम्हाणे यांच्या ‘सविता दामोदर परांजपे’ या नाटकात (चित्रपट २०१८) एका बाईच्या देहातून दुसरीच बाई बोलू लागते. सिडनी शेल्डनच्या ‘टेल मी युवर ड्रीम्स’मध्येही (१९९८) एका देहात तीन बाया आहेत आणि उपचार करणारा डॉक्टर पुरुष आहे. स्त्रीला उपचारकाच्या बाजूला बसवले की तिचे काय होते, हे ‘खामोशी’ने (१९६९) दाखवले. आशुतोष मुखोपाध्याय यांच्या बंगाली कथेवर बेतलेल्या या चित्रपटातील परिचारिकेला रुग्ण बरा व्हावा म्हणून प्रेमाचे नाटक करावयास सांगितले जाते, आणि शेवटी तिचेच मन ढासळते. हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’मधील (१९४५) कॉन्स्टन्स ही मनोविश्लेषक नायिका आपल्या रुग्णाच्या प्रेमात पडते, तेव्हा तिचा वृद्ध गुरू अशा अर्थाची थट्टा करतो की, बायका प्रेमात पडेपर्यंत उत्तम उपचारक असतात आणि पडल्या की उत्तम रुग्ण. थट्टा म्हणून ती खपून जाते. पण त्या एका वाक्यात पुढील कित्येक दशकांचे कथानक साठवलेले आहे.

‘खामोशी’ पाहिलेल्या पिढीतील वाचकांना म्हणूनच फ्रीडा, किंवा नॉर्वेच्या हेलेने फ्लूड हिच्या ‘द थेरपिस्ट’मधील (मूळ २०१९) सारा, या नायिका नव्या वाटतात. फ्लूड स्वतः मानसशास्त्रज्ञ आहे. तिच्या साराचा नवरा बेपत्ता होतो. ती संतापाच्या भरात त्याचा निरोप पुसून टाकते आणि त्यामुळे पोलिसांच्या संशयाच्या कक्षेत येते. दुसऱ्यांची गुपिते घरातल्याच एका खोलीत ऐकणारी ही बाई स्वतः काही लपवू लागली की वाचकाला ते आवडते असे दिसते. ती ‘आपल्यासारखी’ आहे, हा अभिप्राय तिच्याविषयी मिळतो. फ्रीडाविषयी सहसा मिळत नाही. अर्थात आपल्यासारखे असणे हा वाङ्मयीन गुण आहे की नाही, हा वाद ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या काळापासून चालू आहे आणि तो येथे मिटवण्याचे कारण नाही.

फडक्यांचे नाव निघाले ते बरे झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवणाऱ्या या लेखकाने ‘प्रतिभासाधन’मधून (१९३१) मराठी कादंबरीला तंत्राचा विचार करावयास लावले. गुंतागुंत, निरगाठ आणि उकल या परिभाषेत कथानकाकडे पाहण्याची जी सवय मराठी वाचकाला लागली, ती फडक्यांचे नाव न ऐकलेल्या वाचकातही टिकून आहे. “गाठ चांगली मारली होती, पण सोडवताना कात्रीने कापली” ही ग्रंथालयात सहज कानी पडण्याजोगी तक्रार तंत्रविचाराचीच आहे. मानसोपचारतज्ज्ञ नायिकेच्या कादंबरीत ही कात्री बहुधा ‘बालपणातील आघाता’ची असते. शेवटच्या तीस पानांत गुन्हेगाराचे बालपण उघडे करावयाचे, आणि त्यातील एका प्रसंगाने सगळ्याचा उलगडा झाला असे सांगावयाचे, ही या प्रकारातील सर्वांत झिजलेली युक्ती होय. वाचक तिला कंटाळले आहेत यात त्यांच्या रुचीचा दोष नाही. बालपणी दुःख भोगलेला प्रत्येक माणूस खुनी होत नाही, हे जाणण्यास मानसशास्त्राची पदवी लागत नाही. शिवाय ही युक्ती खऱ्या रुग्णांवर अन्याय करते. मनोविकार म्हणजे हिंसा हे समीकरण रहस्यकादंबरीने जितके पसरवले तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या वाङ्मयप्रकाराने पसरवले असेल.

मराठी रहस्यवाङ्मयाने स्वतः या नायिकेला जवळजवळ जागाच दिली नाही, याची कारणे थोडक्यात सांगता येतील. हरि नारायण आपट्यांची ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्या आधाराने लिहिली गेली, तेव्हापासून आपल्याकडे रहस्य म्हणजे शहराच्या पोटातील रहस्य. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारावर रहस्यकथा लिहिल्या; त्यांत झुंजारची विजया धाडसी खरी, पण ती साथीदार. नारायण धारपांच्या (१९२५–२००८) कथांत मनाच्या व्यथा घेऊन माणसे ज्याच्याकडे येतात तो समर्थ पुरुष आहे, आणि त्याचे सामर्थ्य अतींद्रिय आहे. रत्नाकर मतकरींच्या (१९३८–२०२०) गूढकथेने, ‘खेकडा’पासून, भीतीचे ठिकाण घराबाहेरून मनात आणले, मात्र मन उलगडणारा कोणी तज्ज्ञ त्यांच्या कथेला बहुधा लागत नाही, कारण न उलगडणे हाच तिचा प्राण आहे. दिवाळी अंकांत ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांनी गूढ व रहस्य या दोहोंना वर्षानुवर्षे वाचक मिळवून दिला. त्या वाचकाने मांत्रिक पाहिला, वकील पाहिला, गुप्तहेर पाहिला. समोर बसून तासभर ऐकून घेणारी बाई त्याला भेटली नाही.

ती भेटली ती इंग्रजीतून, आणि येथे भाषांतराचा प्रश्न उभा राहतो. कोल्हापुरात अजब पुस्तकालयापासून ग्रंथव्यवहाराला आरंभ करणाऱ्या मेहता कुटुंबाच्या प्रकाशनसंस्थेने रॉबिन कुकसारखे परकीय रहस्यलेखक मराठीत आणले, आणि वैद्यकीय रहस्याची परिभाषा वाचकाच्या अंगवळणी पडली. ऑपरेशन थिएटर, कोमा, पोस्टमॉर्टेम हे शब्द आता कोणाला अडत नाहीत. मानसोपचाराच्या खोलीतील भाषा मात्र अजून अडते. शल्यक्रियेत बोलणे थोडे आणि कृती पुष्कळ. येथे बोलणे हीच कृती. इंग्रजीत रुग्ण फ्रीडाला नावाने हाक मारू शकतो आणि तरीही दोघांत अंतर राहते. मराठीत हे कसे करावयाचे? ‘तू’ म्हटले तर ती मैत्रीण होते, ‘तुम्ही’ म्हटले तर शिक्षिका. ‘डॉक्टर’ म्हणावे तर ती गोळ्या देणारी मनोविकारतज्ज्ञ आहे असा समज होतो, आणि मानसोपचारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक या तिघांतील भेद कादंबरीलाच समजावून सांगावा लागतो. प्रत्यक्षात आपल्याकडचा रुग्ण बहुधा ‘मॅडम’ म्हणतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत त्याच्या तोंडून ‘ताई’ निघून जाते. ज्या दिवशी ‘ताई’ आली त्या दिवशी नाते बदलले. मग मॅडमचे गाव कोणते, घरी कोण कोण असते, हे विचारणेही आलेच. पाश्चात्त्य नायिका या प्रश्नांना मौनाने उत्तर देते. आपल्याकडे ते मौन उद्धटपणा ठरेल. मराठी संवाद ‘पुस्तकी’ वाटतात हा अशा भाषांतरांविषयीचा आक्षेप केवळ शब्दयोजनेचा नाही. हाक कोणती मारावी हे ठरले नसल्याने ते नातेच मराठीत उभे राहत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

वाचकांच्या अभिप्रायांत याच्याही मागे असलेली एक गोष्ट क्वचित उघडपणे, बहुधा आडवळणाने येते. या कादंबऱ्या वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी कोणाला तरी अशा खोलीत जाण्याची गरज असते, किंवा कधी ना कधी होती. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही प्रादेशिक मनोरुग्णालयांची चार गावे. त्यांतील गावाचे नाव घेऊन दिलेली शिवी मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात संस्था उभी करून आणि पुढे सातत्याने मराठीतून लिहून, बोलून हा विषय मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणला, हे खरे. तरी आपले नाव त्या खोलीच्या बाहेर जाईल ही धास्ती गेलेली नाही. “ती पेशंटचे सांगून टाकते” हा आक्षेप घेणारी वाचक स्त्री कदाचित कादंबरीविषयी बोलत नसतेच. आपण गेलो तर आपलेही सांगितले जाईल का, हे ती विचारत असते, आणि कादंबरी हे विचारण्याचे सोयीस्कर निमित्त असते. अशा वाचकाला ‘पलायनवादी’ म्हणणे हा समीक्षेचा आळस होय.

लंडनमध्ये फ्रीडाचे दार उघडून आत जाणाऱ्याला रस्त्यात कोणी ओळखत नाही. हजारो अनोळखी माणसांत हरवून जाण्याच्या सोयीवर ही सगळी कादंबरी उभी आहे. कोल्हापुरात ती सोय नाही. राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या एखाद्या दवाखान्याच्या बाकावर दहा मिनिटे बसले, की कोणीतरी ओळखीचे निघतेच. “काय पाव्हणं, हिकडं कुठं?” या प्रश्नाला काय उत्तर द्यावयाचे हे रुग्ण घरून ठरवून आलेला असतो. पुतण्याची तब्येत, शेजारणीची सोबत, चुकलेला पत्ता, असे काहीतरी. म्हणजे आतल्या खोलीत गुपित सांगण्यापूर्वीच बाहेरच्या बाकावर एक खोटे बोलून झालेले असते, आणि ते दोघांनी ऐकलेले असते : विचारणाऱ्याने, आणि अर्धवट उघड्या दाराआड पुढच्या रुग्णाची वाट पाहत बसलेल्या मॅडमनी. मराठीतील या नायिकेला आपले पहिले प्रकरण लंडनच्या रस्त्यांत शोधावयाचे कारण नाही.